कुसुंबाचा मार्च, किंजळाचा ऑक्टोबर

नमस्कार. आयोजकांनी विषय दिलाय 'उपग्रहातून वृक्षवैविध्य'. विषय भारदस्त आहे, म्हणून आधीच सांगून टाकतो, की उपग्रहाला एकाही झाडाचं नाव ठाऊक नसतं. खालून कुठल्या रंगाचा प्रकाश किती परत आला, एवढंच तो मोजतो. त्यात आपल्या डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाशही आला. त्यावरून खाली ऐन आहे की साग, हे ठरवण्याची जबाबदारी आपली.

युरोपच्या सेंटिनेल-2 मालिकेतला पहिला उपग्रह 2015 साली गेला. त्याची छायाचित्रं फुकट मिळतात, प्रकाशाचे 13 पट्टे, म्हणजे 13 वेगवेगळ्या रंगांची मोजमापं, मिळतात आणि जोडीचे दोन उपग्रह मिळून दर पाच दिवसांनी तीच जागा पाहतात. त्याच्या छायाचित्रातला बारीकात बारीक ठिपका जमिनीवर 10 मीटर बाय 10 मीटरचा. म्हणजे जवळजवळ एक गुंठा. आता दाट रानातला एक गुंठा डोळ्यांसमोर आणा. एका मोठ्या जांभळाचा अर्धा माथा, ऐनाची एक फांदी, मध्ये घुसलेली पळसवेल. या सगळ्यांचा प्रकाश एकत्र कालवून एका ठिपक्यात येतो.

मग लोक म्हणतात, आणखी बारीक छायाचित्र घ्या. माझं मत वेगळं आहे. सह्याद्रीत बारकाईपेक्षा तारीख महत्त्वाची.

मार्चमध्ये कुंभार्ली घाटातून खाली बघा. कुसुंब लालभडक झालेला असतो. पुष्कळांना ती फुलं वाटतात, पण ती कोवळी पालवी असते. शेजारचा साग तेव्हा उघडाबोडका. त्या काही दिवसांत या दोघांना वेगळं काढायला फार अक्कल लागत नाही. पण कुसुंबाची पालवी हिरवी झाली, की जांभळाशेजारचा कुसुंब वरून ओळखून दाखवा! सागाचं दुर्दैव निराळं. भर पावसात त्याच्या माथ्यावर पांढरट फुलोरा येतो, वरून दिसावा असा, आणि नेमके तेव्हाच ढग आडवे येतात. जून ते सप्टेंबर हा उपग्रह इथे जवळपास आंधळाच. किंजळ मात्र समजूतदार. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ढग गेलेले असतात आणि हा फळांनी गंजासारखा तांबूस होतो. ऐन त्याचा सख्खा भाऊबंद, एरवी वरून बघताना दोघांची गफलत होते. या दिवसांत होत नाही. म्हणून एक छायाचित्र घेऊन बसू नका. वर्षभराची माळ लावा आणि कुठला ठिपका कधी रंग बदलतो ते बघा.

नावं सोडून नुसतं वैविध्य मोजायची एक युक्ती आहे: जितक्या रंगछटा, तितक्या जाती. कल्पना सुरेख आहे, पण कोकणात ती सपशेल आपटू शकते. काजूची बाग, तिच्या कडेला जांभ्याचा सडा, दोन कौलारू घरं आणि डोंगराची सावली, एवढ्यावर गणित खूश होतं आणि 'वैविध्य भरपूर' म्हणून मोकळं होतं. आणि वनाच्छादनाचे आकडे वाचतानाही जपून. भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येत एक हेक्टर किंवा जास्त जमिनीवर 10 टक्क्यांहून अधिक झाडांचं छत्र असलं की पुरे. झाड कुठलं, जमीन कुणाची, हा प्रश्नच नाही. आमराईही त्यात बसते, रबराचा मळाही.

आता लायडार. लेसरचा झोत खाली सोडायचा आणि परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं. एक नॅनोसेकंदाचा फरक म्हणजे 15 सेंटिमीटर उंची. काही प्रकाश शेंड्यावरून परततो, काही मधल्या फांद्यांवरून, काही जमिनीवरून. म्हणजे रानाचे मजले कळतात, जे छायाचित्रात कधीच दिसत नाहीत. डिसेंबर 2018 मध्ये नासाने असं यंत्र आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकावर धाडलं. त्याचा एकेक झोत जमिनीवर 25 मीटरच्या वर्तुळात पडतो. सपाटीवर ठीक. पण 30 अंशांच्या उतारावर त्या वर्तुळाच्या वरच्या आणि खालच्या कडेत 14 मीटरचा फरक! आपलं झाडच पंधरा-वीस मीटरचं. मग झाड कुठे संपलं आणि डोंगर कुठे सुरू झाला?

विमानातून ही अडचण बरीच कमी होते. अमेरिकी पर्यावरणशास्त्रज्ञ ग्रेगरी ॲस्नर यांच्या चमूने पेरूमध्ये लायडार आणि शेकडो पट्टे टिपणारा कॅमेरा एकाच विमानात बसवला. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामात पानांच्या रसायनांवरून जंगलाचे 36 प्रकार वेगळे काढले. जाती नव्हेत हं, प्रकार. त्या कामात जातींचा दावा त्यांनीही केला नाही.

आणि हे सगळं पडताळायला पायीच जावं लागतं. एका देवराईत मी नकाशा घेऊन उभा होतो. माझ्या नकाशात तो ठिपका ऐन होता. सोबतच्या गावातल्या आजोबांनी खोडाकडे पाहिलं नि म्हणाले, "सुसरीची पाठ कुठाय हिला?" ऐनाची साल तशी भेगाळलेली असते. ही नव्हती. तो किंजळ निघाला. मी छायाचित्र एप्रिलमधलं वापरलं होतं.

तेव्हा एक मागणं आहे. येत्या ऑक्टोबरात तुमच्या गावचा किंजळ कुठल्या तारखेला तांबूस झाला, ते लिहून ठेवा. जागा आणि तारीख, बाकी काही नको. पुढच्या वर्षी कुसुंबाचंही. मला कुठल्या दिवसाचं छायाचित्र उघडायचं, ते त्यावरून कळेल.