बिघाड विकत मिळेल का?

(नगरमध्ये अभियंते आणि लघुउद्योजकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘लष्करी वाहनांच्या देखभाल प्रशिक्षणासाठीचे सिम्युलेटर आणि सरकारी खरेदीतील अपेक्षित सुधारणा’. एवढा लांबलचक विषय मी दिलेला नाही. मी फोनवर फक्त ‘बिघाडांवर बोलतो’ म्हणालो होतो. संयोजकांना वाटलं असणार, या वयात माणूस बिघाडांवर बोलायला लागला तर तो तब्येतीचंच गाऱ्हाणं काढेल. म्हणून त्यांनी सुधारणा जोडली. करू, सुधारणाही करू. शेवटी पाच मुद्दे आहेत, लिहून आणलेत.

नगरच्या माणसाला रणगाडा म्हणजे काय हे सांगायची गरज नाही. के. के. रेंजवर, म्हणजे लष्कराच्या सराव मैदानावर, फायरिंग सुरू झालं की आपल्याला ढग आणि तोफ यातला फरक झोपेतही कळतो. आर्मर्ड कोअरचं सेंटर इथं, मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचं इथं, लष्करी वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीई इथं. पाहुणे आले की रणगाड्यांच्या संग्रहालयात नेतो, पोरं रणगाड्यावर चढायला बघतात, चौकीदार ओरडतो. पण संग्रहालयात एक गोष्ट दिसत नाही: ती गाडी दुरुस्त करणारा माणूस. हो, फौजेत रणगाड्याला ‘गाडी’च म्हणतात. रणगाडे ही ए व्हेईकल, ट्रक आणि जिप्सी ही बी व्हेईकल. चालवणारा वेगळा, तोफ डागणारा वेगळा. गाडी बंद पडली की जो येतो तो ईएमईचा, म्हणजे फौजेच्या दुरुस्ती कोअरचा. हा कोअर १९४३ सालचा. तिथे सगळ्यात खालच्या जवानाला शिपाई म्हणत नाहीत, क्राफ्ट्समन म्हणतात. कारागीर! मला हा शब्द फार आवडतो. आपल्या कारखान्यात आपण त्याच माणसाला हेल्पर म्हणतो आणि मग तो टिकत नाही म्हणून तक्रार करतो.

तर या कारागिराला शिकवायचं कसं? सिम्युलेटर म्हटलं की लोकांना पडदा, जॉयस्टिक आणि धडामधूम आठवतं. ते चालवणाऱ्याचं आणि डागणाऱ्याचं झालं. दुरुस्त करणाऱ्याचा सिम्युलेटर, आमच्या भाषेत ट्रेनर, दिसायला अगदीच कंटाळवाणा असतो. एक लोखंडी सांगाडा, त्यावर खरं किंवा नकली इंजिन, तारांचं हार्नेस, समोर ड्रायव्हरचं पॅनल. मागे उस्तादाच्या हातात टॅब. फौजेत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात, सर नव्हे. उस्ताद टॅबवर बोट ठेवतो आणि आतल्या आत एक तार तुटते. आता स्टार्टर फिरत नाही. पोरगा मल्टिमीटर, म्हणजे वीज मोजायचं यंत्र, घेऊन शोधत बसतो. सापडलं तर शाबास, नाही तर पुन्हा पहिल्यापासून. खऱ्या गाडीवर हे करता येत नाही. चांगली चालती गाडी मुद्दाम कोण बिघडवणार? आणि नवशिक्याने बोल्ट आडवा घातला, आटे गेले, तर ती गाडी महिनाभर उभी. सांगाड्यावर तोच बोल्ट पाचशे वेळा खोला.

म्हणजे हा सिम्युलेटर कशासाठी आहे? बिघाडासाठी. चालण्यासाठी नव्हे. चालणारी वस्तू फौजेकडे आधीच आहे. एवढं लक्षात ठेवा, कारण टेंडर काढणारे नेमकं तेच विसरतात.

काही वर्षांपूर्वी असंच एक टेंडर आलं. कुणाचं, कुठलं, ते सांगणार नाही. माझं एक बिल अजून अडकलंय. (हशा) साठेक पानांचं असेल. ते मी रात्रभर वाचलं. त्यात खुर्चीवर दीड पान होतं. फिरती, उंच पाठीची, पाच चाकांची, कापड मरून, हाताला गादी, गादीची जाडी मिलिमीटरमध्ये. एसी किती टनाचा, यूपीएस किती मिनिटं, मॉनिटर किती इंची, सगळं चोख. आणि बिघाडांवर किती? एक ओळ. ‘प्रशिक्षकास ट्रेनरमध्ये पुरेसे बिघाड निर्माण करता यावेत.’ झालं.

प्री-बिड मीटिंगला, म्हणजे टेंडर भरण्याआधीच्या शंकानिरसनाच्या बैठकीला, गेलो. तिथे पाऊण तास खुर्चीच्या रंगावर गेला, कारण एका कंपनीकडे मरून नव्हता, निळा होता. मरूनला समतुल्य निळा चालेल का, यावर अधिकाऱ्यांनी गंभीरपणे टिपणं घेतली. माझी पाळी आली तेव्हा मी विचारलं, साहेब, पुरेसे म्हणजे किती? त्यांनी माझ्याकडे पाहिलं, शेजारच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, लेखी द्या. दिलं. पंधरा दिवसांनी कॉरिजेंडम, म्हणजे टेंडरचं शुद्धिपत्रक, आलं. खुर्ची निळी चालेल. माझ्या प्रश्नापुढे लिहिलं होतं, ‘निविदेप्रमाणे’.

आता मी काय केलं असेल? इथे बसलेल्यांपैकी निम्मे लोक टेंडर भरणारे आहात, तुम्हाला ठाऊक आहे. पद्धत एल-वनची. टेक्निकल लिफाफ्यात पास झालेले सगळे समान, मग दरांचा लिफाफा उघडायचा आणि सगळ्यात स्वस्त तो जिंकला. चाळीस बिघाड देणारा आणि दहा देणारा दोघेही ‘पुरेसे’ देतात, दोघेही पास. मग चाळीस कोण देईल? मी दहा दिले. उगाच खोटं कशाला बोलू! तेही सगळे विजेचे, कारण विजेचा बिघाड म्हणजे एक रिले, विजेने उघडझाप होणारा स्विच. रिले स्वस्त. डिझेलच्या लाइनमध्ये हवा घुसली, क्लच प्लेट घासली, कुठे बारीक गळती आहे, हे दाखवायचं तर पंप लागतो, व्हॉल्व्ह लागतो, डोकं लागतं, पैसे लागतात. आणि वर्कशॉपमध्ये येणाऱ्या निम्म्या गाड्या अशाच कारणांनी येतात, असं मला उस्तादांनीच नंतर सांगितलं. मी एल-वन ठरलो. नागापूर एमआयडीसीत पेढे वाटले.

डिलिव्हरीची कथा वेगळी. आम्ही वेळेत पोचलो तर हॉलला थ्री-फेज वीज नव्हती. थ्री-फेज त्यांनी द्यायची, उशीर त्यांचा आणि विलंबाचा दंड कापला माझ्या बिलातून. आठवड्याला अर्धा टक्का. तो विषय काढला की सौ. मला गोळी देते, म्हणून पुढे जाऊ.

ट्रेनर बसला. उद्घाटन झालं, फीत कापली, फोटो मात्र काढू दिले नाहीत. पहिल्याच दिवशी उस्ताद पॅनलसमोर बसले. सुभेदार, हरियाणाचे, गाडीचं कव्हर काढायच्या आधी तिचा वास घेणारे. त्यांनी थेट स्टार्टरचं बटण दाबलं. आमचं नकली इंजिन घुर्रकन सुरू झालं, स्पीकरमधून काय तो आवाज! मी खूश. ते हात मागे घेऊन म्हणाले, ‘साहब, ये तो चालू हो गया.’ म्हटलं, हो, मस्त ना? म्हणाले, ‘होना नहीं चाहिए था.’

आमचा ट्रेनर टी-७२ रणगाड्याचा. त्याचं ते बारा सिलिंडरचं, ७८० हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन. ते सुरू करायच्या आधी पंप चालवून तेलाचा दाब चढवायचा असतो, काट्याकडे बघायचं आणि मगच स्टार्टर. कोरड्या बेअरिंगवर इंजिन फिरवायचं नाही, हा त्या पोरांचा पहिला धडा. आमच्या सॉफ्टवेअरच्या पोराने तो काटा फक्त शोभेला काढला होता. म्हणजे मी सरकारला लाखो रुपयांत एक यंत्र विकलं होतं, जे चुकीची सवय लावत होतं. आणि ते टेंडरप्रमाणे शंभर टक्के बरोबर होतं! तपासणी पथकाने मरून की निळा ते पाहिलं होतं, खुर्ची पाचही चाकांवर फिरवून पाहिली होती. तेलाचा काटा कुणाच्या चेकलिस्टमध्येच नव्हता. तो मी पदरचे दिवस घालून दुरुस्त करून दिला.

पण खरी फजिती महिन्याभराने कळली. वॉरंटीच्या भेटीला गेलो तर निकाल बघून थक्क झालो. अख्ख्या बॅचला पैकीच्या पैकी. दहा सेकंदांत बिघाड सापडतोय! मी मनात म्हटलं, काय ट्रेनर बनवलाय आपण. उस्तादांनी मला कोपऱ्यात नेलं, एका पोराला बोलावलं, पॅनलकडे पाठ करून उभं केलं. टॅब दाबला. आत ‘टक’ झालं. पोरगा मागे न बघता म्हणाला, तीन नंबर, स्टार्टर रिलेची तार. पुन्हा टक. सात नंबर, फ्यूज. दहा रिले, दहा जागा. आवाज डावीकडून वरून आला की हा, उजवीकडून खालून आला की तो. मल्टिमीटर कपाटात, डब्यातून काढलेलाही नव्हता. बॅच बाहेर पडताना पुढच्या बॅचला तोंडी सांगून जायची.

उपाय सोपा होता. दर वेळी सगळे रिले एकदम वाजवायचे आणि हवा तो सोडून बाकीचे परत लावायचे. प्रोग्रॅममध्ये चार ओळी. मी म्हटलं, आत्ता करतो. कार्यालय म्हणालं, थांबा. स्वीकारलेल्या वस्तूत बदल म्हणजे करारात बदल, त्याला सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी, मंजुरीला खर्चाचा तपशील, आणि खर्च शून्य असेल तर का शून्य, त्याचं स्पष्टीकरण. फाइल गेली. ती वरून खाली येईपर्यंत उस्तादांनी काय केलं असेल? त्यांनी ट्रेनरवर रेडिओ ठेवला. विविध भारती, फुल आवाजात. परीक्षेच्या दिवशी लताबाई गातायत आणि पोरं पहिल्यांदा मल्टिमीटर हातात घेतायत. माझ्या ट्रेनरमधला सगळ्यात उपयोगी भाग तो रेडिओ आहे आणि तो टेंडरमध्ये नव्हता.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं? बरं, सहा. म्हणजे पाच मुद्दे सहा मिनिटांत. धावतोय, सांभाळून घ्या.

एक. बिघाडांची यादी टेंडरलाच जोडा, अनुक्रमांक देऊन, आणि प्रत्येकाचा दर वेगळा मागा. ती यादी आपल्यासारख्या पुरवठादाराने करायची नाही. ती वर्कशॉपच्या जॉब कार्डांतून, म्हणजे दुरुस्तीच्या नोंदींतून, काढायची. खडकीच्या ५१२ आर्मी बेस वर्कशॉपसारख्या ठिकाणी किती वर्षांची कार्डं असतील विचार करा. कुठला भाग किती वेळा गेला ते तिथे शाईत लिहिलेलं आहे. गोपनीय असेल तर पास झालेल्यांनाच दाखवा, पण दाखवा.

दोन. एल-वनच्या पलीकडे जायची वाट आहे. अर्थ मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये गुणवत्ता आणि किंमत मिळून निवड करायची मुभा बांधकामांना आणि सल्लागारीबाहेरच्या सेवांना दिली, गुणवत्तेला जास्तीत जास्त ३० टक्के वजन. वस्तूला नाही. आता ट्रेनर ही वस्तू की सेवा? तुम्ही सांगाडा विकत घेतलात तर वस्तू. पण पाच वर्षं प्रशिक्षण चालवून घेतलंत तर सेवा. संरक्षण मंत्रालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये सिम्युलेटरचा आराखडा काढला, त्यात रचना देशी हवी आणि चालवणं, देखभालही उद्योगांकडे सोपवा, असा रोख आहे. दोन कागद शेजारी ठेवून कुणी वाचेल का, हा माझा प्रश्न.

तीन. स्वीकृती चाचणीला फक्त अधिकारी नको, एक उस्ताद आणि चार कोरे क्राफ्ट्समन हवेत. ट्रेनर चुकीचं वागल्यावर काय करतो ते तपासा. आमच्या पॅनलवर तेलाचा दाब न चढवता बटण दाबलं असतं तर तिथल्या तिथे पकडलो गेलो असतो, आणि ते बरं झालं असतं.

चार. हा सगळ्यात महत्त्वाचा आणि मी त्याला एक मिनिट ठेवलंय, माझीच चूक. गाडी बदलते, ट्रेनर बदलत नाही. मार्च २०२५ मध्ये टी-७२ साठी १००० हॉर्सपॉवरच्या इंजिनांचा २४८ दशलक्ष डॉलरचा करार झाला. ती इंजिनं गाड्यांत बसतील. माझा सांगाडा ७८० वरच थांबलेला. त्याच्या करारात अद्ययावत करायचं कलमच नाही, म्हणून नवीन टेंडर, नवीन खुर्ची. गाडीत बदल मंजूर झाला की ट्रेनरचा बदल त्याच फाइलमध्ये मंजूर व्हायला हवा, आणि त्याचा दर पहिल्या दिवशी ठरलेला हवा.

पाच. पैसे. संरक्षण खरेदीच्या नव्या नियमपुस्तिकेत, म्हणजे १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या डिफेन्स प्रोक्युअरमेंट मॅन्युअलमध्ये, देशी विकासाच्या टप्प्यात विलंबदंड लावायचा नाही असं आलंय. चांगलं आहे. थ्री-फेजबद्दल त्यात... हो, हो, थांबतो. अध्यक्ष घड्याळ दाखवतायत.

एकच. बाहेर चहाच्या टेबलाशेजारी मी स्टार्टरचं एक पॅनल आणून ठेवलंय. बिघाड घातलेला आहे, मल्टिमीटर शेजारी आहे. कान लावून उपयोग नाही, त्यात ते सगळे रिले एकदम वाजतात. मंजुरी न घेता केलंय.