तिसऱ्या दिवसाचा वास

[दृश्य: पहाट. वाशीचा खाडीपूल, ओहोटी. तिवरांच्या मुळांशी उघडा पडलेला काळा चिखल.]

ओहोटीच्या वेळी लोकल मानखुर्द सोडून खाडीपुलावर चढली की दारात उभ्या असलेल्यांना एक वास येतो. सडक्या अंड्यासारखा, चिखलाचा, थोडा खारट. नवी मुंबईकराला तो कुणी समजावून सांगावा लागत नाही. काही जण रुमाल नाकाला लावतात, काहींना घर जवळ आल्यासारखं वाटतं. मी दुसऱ्यांपैकी.

गेल्या मे महिन्यात हाच वास मला मामांच्या गाडीत आला. तेव्हा मात्र घर फार लांब होतं.

[दृश्य: नेरुळ. इमारतीखाली उभी असलेली पांढरी गाडी. आत दोन बाकं, छोटा ओटा, मागे अरुंद दार.]

मामा निवृत्त झाले आणि त्यांनी एक जुनी प्रवासी गाडी घेऊन तिचं फिरतं घर करून घेतलं. झोपायला जागा, दोन शेगड्या, आणि मागच्या कोपऱ्यात संडास-मोरी. मामींचे गुडघे दुखतात. वाटेत कुठल्याही ढाब्यावरच्या संडासात बसणं त्यांना जमत नाही. म्हणून ही गाडी. मामींनी पंधरा वर्षांत पहिल्यांदा कोकण पाहिलं ते या मागच्या अरुंद दारामुळे.

अशा गाडीच्या पोटात दोन टाक्या असतात. एक संडासाची, तिला काळी टाकी म्हणतात. दुसरी मोरीच्या आणि भांड्यांच्या पाण्याची, ती करडी टाकी. दोन्हींच्या तोंडाशी वॉल्व, आणि दोन्हींमधून एकेक हवेचा पाईप सरळ छतावर जातो. बस, एवढीच रचना.

दापोलीच्या बाजूला आम्ही पाच दिवस होतो. पहिला दिवस छान गेला. दुसराही. तिसऱ्या दिवशी सकाळी संडासातलं झाकण उघडायची पायपट्टी दाबली आणि आतून असा भपकारा आला की मामी दार लोटून बाहेर आल्या. दुपारपर्यंत गाडीत बसवेना. मामींनी कापूर जाळला, उदबत्ती लावली, मामांनी दुकानातून फवारा आणला. मोगरा आणि सडकं अंडं एकत्र आल्यावर काय होतं ते मी सांगत नाही. परतीच्या वाटेवर माणगावच्या गर्दीत दीड तास अडकलो, तेव्हा मामी काही न बोलता खिडकीबाहेर बघत होत्या. पनवेल आल्यावर म्हणाल्या, “विकून टाकू या ही गाडी.”

ते वाक्य मला लागलं. हा लघुपट त्या वाक्यामुळे झाला.

[दृश्य: मामा फोनवर. आवाज नाही, फक्त चेहरा.]

ज्यांनी टाक्या बसवल्या होत्या त्यांना मामांनी फोन केला. उत्तर मिळालं, “गाडीत संडास म्हटल्यावर वास यायचाच.”

नाही. येऊ नये. नीट बसवलेल्या टाकीचा वास आतल्या माणसाला येत नाही. येत असेल तर काहीतरी चुकलंय, आणि काय चुकलंय ते शोधता येतं.

आधी वास कसला ते समजून घेऊ. खाडीचा चिखल आणि मामांची टाकी, दोन्हीकडे हवा पोचत नाही. तिथे जे जिवाणू वाढतात ते ऑक्सिजनऐवजी सल्फेट वापरून जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू सोडतात. समुद्राच्या एक लिटर पाण्यात 2.5 ग्रॅमहून जास्त सल्फेट असतं, म्हणून खाडीला तो वास. आणि आमच्या टाकीत? आम्ही किनाऱ्यालगतच्या विहिरीचं मचूळ पाणी भरलं होतं. जिवाणूंना आम्हीच शिधा पुरवला. वर मे महिना, उन्हात उभी बंद गाडी. उष्णता वाढते तशी कुजण्याची गती वाढते.

पण पाणी मचूळ होतं ते पहिल्या दिवसापासून. मग वास तिसऱ्या दिवशीच का?

हा प्रश्न विचारला तो घणसोलीहून आलेल्या प्लंबरदादांनी. तीस वर्षं इमारतींची ड्रेनेजची कामं केलेला माणूस. अशी गाडी त्यांनी आधी पाहिली नव्हती. आल्या आल्या कशालाही हात न लावता त्यांनी मामींना विचारलं, “ताई, वास कधीपासून? टाकी किती भरल्यावर?” मामी म्हणाल्या, “अर्धी झाली असेल.” दादा थोडा वेळ गप्प राहिले. मग छताकडे जाणारा पाईप त्यांनी खालून वर नजरेनं मोजला.

[दृश्य: जवळून. हातमोजे घातलेले हात. रबरी रिंग सैल होते. पाईप टाकीतून हळूहळू वर येतो.]

आता नीट बघा. पाईपाचं टोक वर येतंय. अजून येतंय. बोटभर यायला हवं होतं, आलं वीतभर. आणि त्या वीतभर भागावर खालून वरपर्यंत काळी साय चढलेली आहे. तिची वरची कड इतकी सरळ आहे की जणू पट्टी लावून आखली. टाकीतलं पाणी तिथपर्यंत चढत होतं, त्याची ही खूण.

हवेच्या पाईपानं टाकीच्या माथ्याशी थांबायचं असतं. बसवणाऱ्यानं तो आत खोल ढकलून दिला होता. टाकी अर्धी होईपर्यंत पाईपाचं तोंड उघडं होतं, वायू छतावर निघून जात होता. अर्धी झाली की तोंड पाण्यात बुडालं. वर कोंडलेल्या वायूला जायला वाट राहिली नाही. मग झाकण उघडलं की टाकी आत ढेकर द्यायची. म्हणून तिसरा दिवस.

दादांनी करवतीनं वीतभर तुकडा कापला, टोक घासलं, नवी रिंग बसवली. काम वीस मिनिटांचं. त्या वीस मिनिटांच्या हलगर्जीपणापायी एक बाई फिरणं सोडून देणार होती, हे मला अजून पचत नाही.

[दृश्य: मोरीची जाळी, तिच्यात तांब्यानं पाणी ओतताना.]

दादा तिथे थांबले नाहीत. मोरीच्या नहाणी ट्रॅपमध्ये बोट घातलं, कोरडं. प्रत्येक इमारतीत हाच ट्रॅप असतो, वाकलेल्या भागात साठलेलं पाणी खालचा वायू अडवतं. गाडी घाटात वळणं घेते तसं ते पाणी हिंदकळून निघून जातं. म्हणून मुक्कामाला पोचल्यावर आधी मोरीत एक तांब्या पाणी. आणि संडासात जाताना छतावरचा पंखा बंद. तो चालू असताना झाकण उघडलं तर पंखा टाकीतलीच हवा वर ओढतो.

आणखी एक गोष्ट, ती आमचीच चूक. मामा सगळ्यांना बजावत होते, “पाणी जपून!” प्यायच्या पाण्यासाठी हे ठीक. पण काळ्या टाकीला पाणी लागतंच. ती रिकामी केल्यावर आधी दहा-बारा लिटर पाणी आत सोडायचं, मग वापर सुरू. पाणी कमी पडलं की मैला तळाशी चिकटतो, सुकतो, ढीग साचतो. मुक्कामी तिचा वॉल्व उघडा ठेवला तरी तेच होतं, पाणी वाहून जातं आणि घट्ट ते मागे उरतं. अमेरिकेतल्या सूचना वाचल्या तर त्यात अर्धी चर्चा कागदाची असते, कुठला कागद विरघळतो, कुठला नाही. आपण पाण्यानं धुणारी माणसं, आपल्याकडे तो त्रास जवळजवळ नाही. आपली टाकी लवकर भरते एवढंच. भरू दे. दर दोन-तीन दिवसांनी रिकामी करावी.

आता औषधं. बाजारात निळी, हिरवी बरीच मिळतात. काहींमध्ये फॉर्माल्डिहाइड असतं, ते जिवाणूंनाच मारतं. वास थांबतो, पण तेच पाणी पुढे एखाद्या सेप्टिक टँकमध्ये गेलं की तिथले कामाचे जिवाणूही मरतात. कॅलिफोर्नियात गाड्यांच्या टाक्यांसाठी अशा औषधांच्या विक्रीवर बंदी आहे. दुसरा प्रकार नायट्रेटचा, आणि मला तो शहाणपणाचा वाटतो. नायट्रेट मिळालं की जिवाणू आधी ते वापरतात, सल्फेटकडे वळतच नाहीत, मग सडक्या अंड्याचा वायू तयारच होत नाही. मोठ्या शहरांच्या मलवाहिन्यांतही हा उपाय करतात. तिसरा प्रकार जिवाणू आणि एन्झाइमच्या पुड्यांचा. त्या चालतात, पण त्यांना भरपूर पाणी आणि वेळ लागतो. मामींनी वरून फिनेल ओतलं होतं, ते पुडीतल्या जिवाणूंनाही मारतं. त्यात पुडी टाकली असती तर पैसे वाया.

आणि हे मात्र कधीही करू नका. ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचं ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू तयार होतो. लघवीतला अमोनिया आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरामाइन. एवढ्याशा बंद खोलीत हे जिवावर बेतू शकतं.

[दृश्य: नेरुळ. इमारतीच्या आवारातलं ड्रेनेज चेंबर. जाड नळी.]

टाकी रिकामी कुठे करायची? महाराष्ट्र सरकारनं 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. गाड्या वाढतील, तसा हा प्रश्न रोजचा होईल. मामांनी सोसायटीची लेखी परवानगी घेतली आणि इमारतीच्याच ड्रेनेज चेंबरमध्ये नळी सोडली. आधी काळी टाकी, मग करडी, म्हणजे साबणाच्या पाण्यानं नळी धुतली जाते. तिथून ते पाणी पालिकेच्या मलप्रक्रिया केंद्रात जातं. तिथे सांडपाण्यात हवा फुंकतात. हवा मिळाली की जिवाणूंची दुसरी जमात कामाला लागते आणि अंड्याचा वास उरत नाही.

रात्रीच्या अंधारात रस्त्याकडेच्या पावसाळी गटारात टाकी सोडणारेही आहेत. ते गटार केंद्रात जात नाही. नवी मुंबईत ते धारण तलावांत, म्हणजे पावसाचं पाणी साठवायच्या तळ्यांत जातं, आणि ओहोटीला तलावांची दारं उघडली की थेट ठाणे खाडीत. ही खाडी 2015 पासून रोहित पक्ष्यांचं अभयारण्य आहे, 2022 पासून रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. मी लहानपणापासून तिच्या काठावर राहते. तिच्यात कुणाच्या गाडीतला मैला आणि फॉर्माल्डिहाइड जावं, हे मला सहन होत नाही.

[दृश्य: काळोख. चेंबरचं उघडं झाकण. फक्त आवाज.]

झाकण उघडल्यावर दादा दोन पावलं मागे सरले आणि वारा जिकडून येत होता त्या बाजूला जाऊन उभे राहिले. का, ते त्यांनी सांगितलं. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड, खाली साचून राहतो. थोडा असला की नाक लगेच ओळखतं. पण दहा लाख भागांत शंभराच्या आसपास गेला की नाकच मरतं, वास येईनासा होतो. माणसाला वाटतं, वायू गेला. आणि माणूस आत उतरतो.

दादांचा एक सोबती असाच उतरला होता. त्याच्याबद्दल ते याहून जास्त बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. माणसाला संरक्षक साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवण्यावर 2013 च्या कायद्यानं बंदी आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा मृत्यूची भरपाई 10 लाखांवरून 30 लाख केली. तरी माणसं उतरवली जातात. आपल्या सोसायटीत सेप्टिक टँक असेल तर उपसायला सक्शनचा टँकर मागवा, आणि कुणी आत उतरायला निघालं तर त्याचा हात धरा.

[दृश्य: उरणचा रस्ता. गाडी चालतेय.]

शेवटचं काम धुण्याचं. दादांनी काळी टाकी पाऊण भरायला लावली, त्यात भांड्यांचा साबण, आणि म्हणाले, “आता उरणपर्यंत जाऊन या. गाडीच हिसळून काढेल.” मामांनी जाताना मुद्दाम एकही खड्डा चुकवला नाही. परत आल्यावर चेंबरमध्ये जे पाणी गेलं त्यात खपल्या होत्या, जुन्या ढिगाच्या. दुसऱ्या फेरीला पाणी बऱ्यापैकी नितळ.

[दृश्य: जूनचा पहिला आठवडा. गाडी भरलेली. मामी पायरीवर.]

पुढच्या वेळी आम्ही नाशिककडे गेलो. तिसऱ्या दिवशी सकाळी मामी मागचं दार उघडून आत गेल्या. आम्ही बाहेर चहाचे कप हातात धरून उभे. त्या आल्या, हात पुसले, आणि कांदा चिरायला बसल्या.

मामांना राहवेना. ते शिडीनं छतावर चढले, पाईपाच्या टोपीशी वाकले आणि चटकन मागे झाले.

“अगं, इथं येतोय!” ते वरून ओरडले. “इथं येतोय वास!”

“मग खाली या,” मामी म्हणाल्या. “पोहे झालेत.”