परसातील चेरी: विलॅमेट खोऱ्यातील एका झाडाची गोष्ट

(दृश्य: एप्रिलमधील सकाळ. पांढऱ्या फुलांनी भरलेले झाड.)

अमेरिकेतील ऑरेगन राज्यात, पोर्टलंड शहराच्या पश्चिमेला, विलॅमेट नदीच्या खोऱ्यात हिल्सबरो आहे. तेथील आमच्या परसात हे गोड चेरीचे झाड उभे आहे. सलग चार वर्षे ते एप्रिलमध्ये असेच पांढरेशुभ्र फुलत होते आणि जूनमध्ये त्यावर एकही फळ दिसत नव्हते. आज त्याला फळे धरतात. ती का धरत नव्हती, हे सांगण्यासाठी हे चित्रण केले आहे, कारण चेरीच्या बाबतीत महत्त्वाचे निर्णय खड्डा खणण्यापूर्वीच घ्यायचे असतात आणि त्यांतला सर्वांत मोठा निर्णय आम्ही विचार न करता घेतला होता.

महाराष्ट्रात वाढलेल्या आमच्यासारख्यांची चेरीशी पहिली ओळख केकवरच्या लाल, पाकवलेल्या फळाने झालेली असते, आणि ते फळ बहुधा रंगवलेले करवंद असते. खऱ्या चेरीला आपल्याकडचा हिवाळा पुरत नाही. पानगळीनंतर सुमारे सात अंश सेल्सिअसखालील थंडीचे, जातीनुसार साधारण सातशे ते बाराशे तास मिळाल्याशिवाय तिच्या कळ्या नीट जाग्या होत नाहीत. विलॅमेट खोऱ्यात ही थंडी सहज मिळते.

या खोऱ्याचे आणि चेरीचे नाते जुने आहे. १८४७ मध्ये हेंडरसन लुएलिंग यांनी आयोवातून बैलगाडीतल्या मातीच्या पेट्यांमध्ये सुमारे सातशे कलमे घालून, वाटेत त्यांना रोज पाणी देत, ती पोर्टलंडजवळच्या मिलवॉकी येथे आणली. त्यांतली जवळपास निम्मी जगली. पुढे त्यांचे बंधू सेथ यांच्या बागेत, १८७५ च्या सुमारास, एक गडद लाल, टणक फळाचे रोप निवडले गेले आणि बागेचे चिनी मुकादम आह बिंग यांच्यावरून त्या जातीला ‘बिंग’ हे नाव मिळाले. आह बिंग नंतर कुटुंबाला भेटण्यासाठी चीनला गेले आणि परत येऊ शकले नाहीत. चिनी कामगारांना अमेरिकेत प्रवेश नाकारणारा कायदा १८८२ पासून लागू होता. ज्या माणसाच्या नावाचे फळ आज देशभर विकले जाते, त्याला त्या बागेत पुन्हा पाऊल ठेवता आले नाही, ही गोष्ट फळ तोडताना आम्हाला दरवर्षी आठवते.

(दृश्य: बिंग आणि लॅम्बर्ट, शेजारी शेजारी.)

आमचे झाड याच बिंगचे. चेरीला परागीभवनासाठी दुसरी जात लागते, एवढे आम्ही ऐकले होते. म्हणून बिंगच्या सोबतीला लॅम्बर्ट लावली. तीही मिलवॉकीचीच जात, तिचे फळही उत्तम आणि दोन्ही झाडे फुलतातही जवळपास एकाच वेळी. मात्र जनुकांच्या दृष्टीने ही दोन्ही झाडे सगोत्र आहेत. फुलातील स्त्रीकेसर परागकणावरची खूण ओळखतो. ती त्याच्या स्वतःच्या खुणेसारखी असेल, तर परागनलिकेची वाढ तो मध्येच थांबवतो. बिंग आणि लॅम्बर्ट यांच्या खुणा एकच असल्याने मधमाश्यांनी कितीही फेऱ्या मारल्या तरी फळ धरणे शक्य नव्हते. आसपासची घरे नवी, त्यामुळे तिसरे झाडही जवळ नव्हते.

यावर उपाय निघाला तो स्टेला या जातीचा. इंग्लंडमधील जॉन इनेस संस्थेत परागकणांवर क्ष-किरणांचा मारा करून, ही खूण निष्प्रभ झालेली रोपे तयार करण्यात आली. त्यांतल्या एकाचा कॅनडातील समरलँडच्या संशोधन केंद्रात लॅम्बर्टशी संकर करून १९६८ मध्ये स्टेला प्रसारित झाली. ती स्वतःच्या परागकणांवर फळते आणि तिचे परागकण बिंगलाही चालतात. नवे झाड लावायला आमच्याकडे जागा उरली नव्हती. म्हणून जानेवारीत स्टेलाच्या डोळकाड्या, म्हणजे कलमासाठीच्या डोळे असलेल्या काड्या, मिळवून ओल्या कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवल्या आणि एप्रिलच्या आरंभी बिंगच्या एका फांदीवर पाचर कलम केले. तिसऱ्या वसंतात त्या फांदीला फुले आली आणि त्याच जूनमध्ये संपूर्ण झाडावर लाल फळे दिसली.

एक निर्णय मात्र आमच्याकडून योग्य झाला होता, तो खुंटाचा, म्हणजे ज्या मुळांच्या रोपावर कलम बांधतात त्याचा. रानचेरीच्या खुंटावरचे झाड तीस फुटांच्या वर जाते. त्यावर जाळी टाकणे घरच्या माणसाला जमत नाही. आमची कलमे जर्मनीतील गीसेन येथे विकसित झालेल्या गिझेला ५ या खुंटावर आहेत, त्यामुळे त्यांची उंची निम्म्याच्या आसपास राहते आणि फळेही लवकर धरतात. येथील जमीन चिकणमातीची आणि हिवाळाभर पावसाने भिजलेली; साचलेल्या पाण्यात चेरीची मुळे कुजतात. म्हणून खड्ड्याऐवजी फूटभर उंचवटा करून त्यावर लागवड केली होती.

(दृश्य: जूनअखेर. जाळीखाली पिकत आलेले घोस.)

फुलापासून फळापर्यंत दोन-अडीच महिने लागतात आणि त्यांतले शेवटचे दोन आठवडे सर्वांत काळजीचे. पिकत आलेल्या फळावर पाऊस पडला की ते सालीतून पाणी शोषून घेते आणि तडकते. पक्षी येतात ते वेगळेच. या झाडाच्या शास्त्रीय नावातील ‘एव्हियम’ या शब्दाचा अर्थच ‘पक्ष्यांची’ असा आहे. शिवाय २००९ पासून ऑरेगनमध्ये ठिपकेदार पंखांची एक फळमाशी आली आहे. तिच्या मादीचे अंडी घालण्याचे अवयव करवतीसारखे असल्याने ती झाडावरच्या अखंड फळातही अंडी घालते. पिकलेले फळ लगेच उतरवणे आणि पडलेले रोज वेचणे हा आमचा नेम आहे. २८ जून २०२१ रोजी पोर्टलंडमध्ये पारा ४६.७ अंशांवर गेला, तेव्हा पश्चिमेकडच्या बाजूची फळे झाडावरच भाजून निघाली.

चेरी आंब्यासारखी आढीत पिकत नाही. तोडली की तिचा गोडवा वाढणे थांबते, त्यामुळे रंग गडद होईपर्यंत धीर धरावा लागतो. तोडताना देठ धरून फळ हलकेच वर उचलावे. देठाच्या मुळाशी असलेली आखूड फळफांदी मोडली, तर पुढील अनेक वर्षांची फळे तिच्याबरोबर जातात.

(दृश्य: ऑगस्ट. जाळी काढलेले झाड, हातात छाटणीची कात्री.)

छाटणी आम्ही हिवाळ्यात करत नाही, कारण ओल्या हवेत कापलेल्या जागेतून जिवाणूंचा संसर्ग होतो, खोडातून डिंक वाहू लागतो आणि फांद्या वाळतात. ऑगस्टमधील कोरड्या दिवसांत आडव्यातिडव्या फांद्या काढतो. फळे संपली तरी आठवड्यातून एकदा भरपूर पाणी देणे चालू राहते. पुढच्या एप्रिलमध्ये उमलणाऱ्या कळ्या याच दिवसांत, या पानांच्या बगलेत तयार होत असतात.