गवताखाली काय आहे ते आधी सांगा

(पुण्यातल्या सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांपुढे केलेलं भाषण, थोडं संपादित करून.)

नमस्कार मंडळी. मागच्या रांगेतले काका, पुढे या ना, इथे पंख्याखाली जागा आहे. मला विषय दिलाय बाग साफ करणाऱ्या आणि कचरा उचलणाऱ्या लोकांची सुरक्षितता, वेळ पाऊण तास, आणि शेवटी कंत्राटात घालायची पाच कलमं देईन असं मी कबूल केलंय. देणार आहे. पण आधी हे घमेलं बघा. फुटलेली ट्यूबलाइट, टाइल्सचे तुकडे, बाइंडिंग वायर, देवाच्या फोटोची काच, आणि या बाटलीत झाकण लावून ठेवलीय ती इन्सुलिनची सुई. हे सगळं एकाच सोसायटीच्या मागच्या बाजूला गवतात सापडलंय, आणि ती चांगली नीटनेटकी सोसायटी आहे हं, पुढे कारंजं वगैरे सगळं.

मी बावीस वर्षं बागकामाची कंत्राटं घेतेय आणि माझं म्हणणं एकच आहे. आमच्या माणसाच्या हाताला, पायाला, डोळ्याला काय होणार हे बरंचसं तो कामावर यायच्या आधीच ठरलेलं असतं, कारण तुमच्यापैकी कुणीतरी बाल्कनीतून किंवा पार्किंगमागून काहीतरी टाकलेलं असतं, त्यावर पावसात गवत उगवतं आणि मग ते कुणालाच दिसत नाही.

एक गोष्ट सांगते, थोडी लांबेल. गणपतीच्या आधीचे दिवस, सगळ्यांना एकदम सफाई हवी असते. एका सोसायटीचा मागचा पट्टा दोन वर्षं बंद होता, कमरेएवढं गवत. मी सेक्रेटरींना विचारलं, आत काय आहे? म्हणाले, काही नाही, नुसतं गवत. आम्ही ग्रासकटर लावला, आणि नायलॉनच्या दोरीने ते जाड गवत तुटेना म्हणून लोखंडी पातं लावलं. मशीन चालवणारा अनुभवी. त्याच्या डावीकडे पाच-सहा फुटांवर आमचा तेवीस वर्षांचा मुलगा दाताळ्याने गवत ओढत होता. मशीनबरोबरच्या पुस्तकात लिहिलेलं असतं की ती चालू असताना 15 मीटरच्या आत कुणी थांबायचं नाही, 15 मीटर म्हणजे साधारण हा हॉल. पण कोण थांबतं, काम उरकायचं असतं, पोती भरायची असतात, छोटा हत्ती बाहेर उभा असतो आणि त्याचं भाडं चालू असतं. गवतात फुटलेला कमोड होता. कुणाच्या तरी बाथरूमचं काम झालं तेव्हाचा राडारोडा. पातं त्याला लागलं आणि चिनीमातीचा एक तुकडा उडून त्या मुलाच्या डोळ्यात गेला.

गॉगल होता आमच्याकडे. टेम्पोत सीटखाली. घाम येऊन काच धुरकट होते म्हणून त्याने काढून ठेवला होता आणि मी बघून गप्प बसले होते. ती चूक माझी, मी ती सगळीकडे सांगते. आता आम्ही जाळीची ढाल वापरतो, ती धुरकट होत नाही, पण जाळीतून बारीक कण आत येतात म्हणून खाली गॉगलही लागतोच, आणि दर वीस मिनिटांनी तो पुसायला थांबायचं, त्याचे पैसे कापायचे नाहीत.

त्या मुलाला डाव्या डोळ्याने आता फक्त उजेड कळतो. सोसायटीने सांगितलं, तुमचा माणूस, तुमची जबाबदारी. बरोबर आहे, माझा माणूस. पण कमोड कुणाचा होता?

आता गवताचं घ्या. गाजर गवत, ज्याला आपण काँग्रेस गवत म्हणतो, त्याची आपल्याकडची पहिली नोंद पुण्यातलीच, 1955-56 च्या सुमाराची. हे गवत उपटणाऱ्याला पहिल्या वर्षी बहुतेक काही होत नाही, म्हणून तो हातमोजे घालत नाही. पण अंगाला ते परत परत लागत गेलं की एखाद्या वर्षी पापण्या, मान, कोपराची घडी लाल होऊन खाजायला लागते, आणि मग नुसत्या वाऱ्याने उडालेल्या कणांनीसुद्धा त्रास होतो. आमच्या एक मावशी पंधरा वर्षं खुरपं चालवत होत्या, आता गाजर गवत असलेल्या प्लॉटच्या कडेने पण जात नाहीत. म्हणून फुलावर यायच्या आधी उपटा, हातमोजे आणि पूर्ण बाह्या घालून. रुईचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, आणि कण्हेर छाटली तर फांद्या बकरीवाल्याला देऊ नका, विषारी असते.

सापांबद्दल दरवेळी विचारतात. पालापाचोळ्याचा ढीग महिनाभर पडला की उंदीर येतात, उंदरांमागे घोणस येते. ढिगात हात घालायचा नाही, आधी लांब दांड्याने हलवायचं, आणि पायात गमबूट. चावलाच तर चिरायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही, माणसाला शांत ठेवून, तो हात-पाय न हलवता थेट हॉस्पिटल. सापाच्या विषावरचं इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांवर एकच असतं, त्यामुळे साप मारून बरोबर न्यायची गरज नाही. पावसाळ्यात उंदरांच्या मुतामुळे लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस नावाचा ताप होतो, पायाला भेग असेल आणि साचलेल्या पाण्यात काम केलं असेल आणि ताप आला तर डॉक्टरांना आधी तेच सांगायचं.

चिठ्ठी आलीय, सात मिनिटं राहिलीत. हरकत नाही, कलमं पटापट घेते, लिहून घ्या.

पहिलं, कामाच्या आदल्या दिवशी फेरी. सोसायटीचं एक माणूस आमच्याबरोबर चालेल, चेंबरची झाकणं, केबल, राडारोडा जिथे असेल तिथे चुन्याची फक्की टाकायची. अर्धा तास लागतो. दुसरं, काच आणि सुया वेगळ्या, सुई जाड प्लास्टिकच्या बाटलीत झाकण लावून, डायपर-पॅड कागदात गुंडाळून वर लाल खूण करायची म्हणजे कचरावेचक ताईला पिशवी उघडून बघावं लागत नाही. बागेचा कचरा वेगळा ठेवायचा आणि जाळायचा नाही हे 2016 च्या घनकचरा नियमांत होतंच. तिसरं, बूट, हातमोजे, गॉगल, धनुर्वाताचं इंजेक्शन यांचा खर्च कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत दाखवा, कारण ती ओळ नसली की सगळ्यात स्वस्त कोटेशनवाला ते सामान आणतच नाही आणि काम त्यालाच मिळतं, मी स्वतः अशी कामं गमावलीत. चौथं, तारांजवळच्या फांद्या आणि नारळाच्या झावळ्या वीज बंद करून घेतल्याशिवाय काढायच्या नाहीत, लोखंडी आकडी तर नकोच. पाचवं, डब्ल्यूसी पॉलिसी, म्हणजे कामावर माणसाला इजा झाली तर भरपाई देणारा विमा. नुसती आहे का विचारू नका, कागद बघा, आणि त्यावर किती माणसं लिहिलीत ते मोजा, कामावर आठ आणि कागदावर तीन असं फार असतं.

सहावंही होतं, उन्हाचं. एप्रिल-मेमध्ये 12 ते 4 काम नको, आणि पिण्याचं पाणी सोसायटीने द्यावं, गाड्या धुवायच्या नळाचं नाही.

पुढच्या आठवड्यात ज्यांच्याकडे सफाई ठरलीय त्यांनी जाताना मला तारीख सांगा, फेरीला मी स्वतः येते. पैसे नाही घेणार त्याचे, कंत्राट दुसऱ्या कुणाचं असलं तरी येईन. घमेलं इथेच टेबलावर ठेवते, बघा, फक्त काचेला हात लावू नका.