तर मग आम्ही काय करावे?

(मंडळाच्या गोव्यात भरलेल्या हिवाळी मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी संपादित.)

अध्यक्ष महोदय आणि मंडळी,

एरवी परदेशात भेटणारे आपण यंदा सुट्टीत गोव्यात जमलो आहोत, आणि काल आपल्यातील बरेच जण बाणावलीचे संत योहान बाप्तिस्ताचे चर्च पाहून आले. गोव्यात हा योहान, येशूला बाप्तिस्मा देणारा, ओळखला जातो तो २४ जूनच्या सांजांव या त्याच्या सणामुळे, डोक्यावर फुलापानांचे कोपेल चढवून विहिरीत मारलेल्या उड्यांमुळे. बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानातील तिसऱ्या अध्यायात त्याने दिलेली उत्तरे मात्र त्या गलबल्यात मागेच राहतात.

लोक त्याला विचारतात, की आम्ही काय करावे? तो सांगतो, की ज्याच्यापाशी दोन अंगरखे असतील त्याने एक नसलेल्याला द्यावा. जकातदारांना तो म्हणतो, की ठरल्याहून अधिक वसूल करू नका. आणि शिपायांना, की कोणाला धाकाने लुबाडू नका, पगारात समाधान माना. स्वतः टोळ आणि रानमध खाऊन अरण्यात राहणारा हा माणूस जकातदाराला नाके सोडून अरण्यात ये असे सांगत नाही, हे मला फार मोलाचे वाटते.

आमच्या वसईकडे ‘पाचारण’, म्हणजे देवाने सेवेसाठी बोलावणे, हा शब्द बहुधा धर्मगुरू आणि धर्मभगिनी यांच्यासाठीच राखून ठेवलेला असतो. मीही तसेच मानत होतो. पणजीत बँकेच्या काउंटरवर असताना एका नोव्हेंबरात दिवाडी बेटावरची एक आजी हयातीचा दाखला द्यायला आली, ती मी जेवणाच्या सुट्टीची पाटी नुकतीच उभी केली होती तेव्हा. अंगठा घ्यायला दोन मिनिटे लागली असती. मी मात्र उद्या या म्हणालो. ‘फाल्यां येतां, पुता’ एवढेच बोलून ती फेरीबोट गाठायला निघाली. दुसऱ्या दिवशी ती आली, अंगठा उठवला, आणि शाई पुसायला काही न मिळाल्यामुळे फ्रॉकची कड आतून उलटवून तिने बोट तिथे पुसले. त्या रविवारी मी चर्चमध्ये बायबलचे वाचन केले होते, आणि ते चांगले झाले असे लोकांनी सांगितलेही होते.

काल पाहिलेल्या त्याच चर्चमध्ये संत जुझे वाझ यांचा बाप्तिस्मा झाला. १६५१ साली जन्मलेले हे गोमंतकीय धर्मगुरू १६८७ मध्ये श्रीलंकेत उतरले, ते मजुराच्या वेशात, कारण तिथल्या डच अमलाखालील मुलखात कॅथलिक धर्मगुरूंना बंदी होती. डचांच्या ताब्याबाहेरच्या कँडी राज्यात हेर म्हणून त्यांना कैदेत टाकले गेले. १६९७ मध्ये तिथे देवीची साथ आली आणि घरच्यांनीही टाकून दिलेल्या रोग्यांसाठी त्यांनी खोपटी उभारली, त्यांना अन्न भरवले, मेलेल्यांना मूठमाती दिली. आणि हे करताना समोरचा ख्रिस्ती आहे की बौद्ध, हे पाहिले नाही. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाचा तपास करून शिक्षा देणारे चर्चचे न्यायालय होते, त्याची आठवण इथल्या अनेक घरांत आजही कडू आहे, आणि ती पुसून टाका असे सांगण्याचा मला अधिकार नाही. म्हणूनच वाझ मला जवळचे वाटतात: त्यांच्या पाठीशी राज्य नव्हते, होती ती केवळ शिकवण. पुढे बिशपपद चालून आले, तेही त्यांनी नाकारले. १७११ मध्ये कँडीतच त्यांचे निधन झाले; गोव्याला ते परतलेच नाहीत.

इंग्लंडहून आलेले धर्मगुरू फादर स्टीफन्स यांनी मराठी भाषेला दिलेली मोगरीची आणि कस्तुरीची उपमा आपण दरवर्षी निमंत्रणपत्रिकेवर छापतो, यंदाही छापली आहे. ते १५७९ मध्ये गोव्यात आले आणि त्यांचे ख्रिस्तपुराण हे ओवीबद्ध मराठी काव्य गोव्यातल्याच रायतूरला छापून झाले १६१६ मध्ये. मधली ३७ वर्षे कोणी पत्रिकेवर छापत नाही. परक्या मुलखातली भाषा ओवी रचण्याइतकी अंगवळणी पाडायची, तर माणसांच्या ओसरीवर किती बसावे लागत असेल, हे परदेशात मुलांना मराठी शिकवणाऱ्या तुम्हाला मी सांगायला नको.

मी आता निवृत्त आहे. नोव्हेंबरात तीन सकाळी आमच्या चर्चच्या सभागृहात बसून म्हाताऱ्या माणसांचे अर्ज भरून देतो. टेबलावर शाईचे पॅड असते, आणि शेजारी एक ओले फडके.