विज्ञानाच्या तासाला दोन्ही बाजू?

नमस्कार मंडळी. "मुलांना दोन्ही बाजू शिकवा, काय पटतंय ते त्यांचं ते ठरवतील." हे वाक्य कानाला इतकं बरं वाटतं की त्याला नाही म्हणायला जीभ रेटत नाही. वाद निवडणुकीचा असो, धरणाचा असो नाहीतर शेताच्या बांधाचा, दोघांचं ऐकून घ्यावं हे आपल्याला लहानपणापासून सांगितलंय आणि ते बरोबरच आहे. पण हेच वाक्य विज्ञानाच्या वर्गात आणलं की काय होतं ते अमेरिकेतल्या एका छोट्या गावाने चांगलंच अनुभवलंय, ती गोष्ट आज जरा निवांत सांगतो.

गावाचं नाव डोव्हर, पेन्सिल्व्हेनिया राज्यातलं. तिकडे शाळांचा कारभार लोकांनी निवडून दिलेलं स्कूल बोर्ड बघतं. ऑक्टोबर २००४ मध्ये डोव्हरच्या बोर्डाने ६ विरुद्ध ३ मतांनी ठरवलं की नववीच्या बायोलॉजीत उत्क्रांतीचा धडा सुरू करायच्या आधी मुलांना एक निवेदन वाचून दाखवायचं. काय होतं त्यात, तर डार्विनचं म्हणणं ही थिअरी आहे, फॅक्ट नाही, तिच्यात गॅप्स आहेत, सजीव कसे आले याचं इंटेलिजंट डिझाईन नावाचं वेगळं स्पष्टीकरणही आहे आणि ज्याला हवं त्याने 'ऑफ पांडाज अँड पीपल' हे पुस्तक शाळेत बघावं. इंटेलिजंट डिझाईन म्हणजे थोडक्यात असं, की सजीवांची रचना इतकी गुंतागुंतीची आहे की ती आपोआप होणं शक्य नाही, कुणातरी बुद्धिमान कर्त्याने ती केली असणार. कर्ता कोण ते मात्र सांगायचं नाही.

शाळेतल्या सायन्सच्या शिक्षकांनी हे निवेदन वाचायला नकार दिला. लेखी दिलं त्यांनी. म्हणणं असं की आमच्या व्यवसायाचा नियम आहे, विषयाची जाणूनबुजून चुकीची मांडणी करायची नाही, आणि हे वाचलं तर मुलांना वाटेल की ही पण सायन्समधलीच एक थिअरी आहे. मला या शिक्षकांबद्दल फार आदर वाटतो, कारण नोकरी त्याच बोर्डाच्या हातात, राहणं त्याच गावात, आणि गावातले निम्मे लोक ओळखीचे, तरी ते मागे हटले नाहीत. मग जानेवारी २००५ मध्ये प्रशासनातले अधिकारी वर्गात आले आणि त्यांनी ते वाचलं. वाचताना मुलांना हेही सांगितलं की या विषयावर पुढे चर्चा होणार नाही आणि तुमचे शिक्षक याबद्दलच्या प्रश्नांना उत्तर देणार नाहीत.

हे परत एकदा ऐका. सायन्सचा तास, चौदा-पंधरा वर्षांची मुलं, त्यांच्यापुढे एक मोठा दावा ठेवला आणि वर सांगितलं प्रश्न विचारायचा नाही. ज्याला दोन्ही बाजू म्हणत होते त्यातल्या एका बाजूला प्रश्नच विचारता येणार नव्हते, मग मुलं ठरवणार कशावरून?

त्याआधीच, डिसेंबर २००४ मध्ये, अकरा पालकांनी केस घातली होती. किट्झमिलर विरुद्ध डोव्हर म्हणून ती गाजली. खटला २६ सप्टेंबर ते ४ नोव्हेंबर २००५ असा हॅरिसबर्गच्या फेडरल कोर्टात चालला, जज्ज जॉन जोन्स. हे जोन्स रिपब्लिकन, राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी नेमलेले, त्यामुळे बोर्डाच्या बाजूच्या बऱ्याच लोकांना वाटत होतं निकाल आपल्यासारखा लागेल.

कोर्टात जे झालं ते कुठल्याही शाळेत शिकवावं असं आहे. पहिला साक्षीदार केनेथ मिलर, ब्राऊन युनिव्हर्सिटीतले जीवशास्त्राचे प्राध्यापक आणि स्वतः श्रद्धाळू कॅथलिक. त्यांनी गुणसूत्रांचं, म्हणजे पेशीतल्या जनुकं वाहून नेणाऱ्या धाग्यांचं, उदाहरण दिलं. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात, चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान या सगळ्यांत २४. आता जर आपले आणि त्यांचे पूर्वज एकच असतील तर आपली एक जोडी गेली कुठे? नुसती गायब होऊ शकत नाही, इतकी जनुकं गेली तर जीव जगणारच नाही. म्हणजे दोन गुणसूत्रं कुठेतरी एकमेकांना जुळलेली असली पाहिजेत, आणि तसं काही सापडलं नाही तर उत्क्रांतीचं म्हणणं अडचणीत. मग शोधलं. प्रत्येक गुणसूत्राच्या टोकाला एक ठरावीक डीएनए असतो, तो टोकालाच असायला हवा, पण माणसाच्या दोन नंबरच्या गुणसूत्रात तो मधोमध सापडतो, दोन टोकं चिकटली की कसं दिसेल अगदी तसा, आणि एका गुणसूत्राला एकच सेंट्रोमिअर, म्हणजे आवळल्यासारखा दिसणारा सांधा, लागतो तर इथे दुसऱ्या सेंट्रोमिअरच्या खुणाही शिल्लक आहेत. सायन्स असं चालतं. आधी सांगायचं काय सापडायला हवं, न सापडलं तर आपण चुकलो हे कबूल करायचं, आणि मग शोधायला जायचं.

दुसऱ्या बाजूने मुख्य साक्षीदार मायकेल बीही, लीहाय युनिव्हर्सिटीतले बायोकेमिस्ट. त्यांचं म्हणणं, आपली रोगप्रतिकारशक्ती इतकी गुंतागुंतीची आहे की ती टप्प्याटप्प्याने कशी आली याचं उत्तर सायन्सकडे नाही. वकिलांनी त्यांच्यापुढे याच विषयावरचे ५८ शोधनिबंध आणि नऊ पुस्तकं मांडली. त्यांनी उत्तर दिलं, हे पुरेसं नाही. आणि उलटतपासणीत त्यांना मान्य करावं लागलं की ते थिअरीची जी व्याख्या करतायत तिच्यात ज्योतिषही बसतं. व्याख्या एवढी सैल केली की मग काय सायन्स आणि काय नाही हे वर्गातल्या शिक्षकाने ठरवायचं तरी कसं?

आणि ते पांडांचं पुस्तक. त्याचे जुने मसुदे कोर्टात मागवले गेले आणि बार्बरा फॉरेस्ट या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापक बाईंनी ते ओळीओळीने तपासले. १९८७ मध्ये सुप्रीम कोर्टाने लुइझियाना राज्याचा कायदा रद्द केला होता. उत्क्रांती शिकवायची असेल तर बायबलमधल्या सृष्टीनिर्मितीचं तथाकथित सायन्सही शिकवा, असा तो कायदा. या निकालाआधीच्या मसुद्यांत सगळीकडे क्रिएशन, म्हणजे देवाने केलेली निर्मिती, हा शब्द आहे, निकालानंतरच्या मसुद्यात सुमारे १५० ठिकाणी तो काढून इंटेलिजंट डिझाईन घातलंय, व्याख्या मात्र तीच. एका जागी तर शब्द बदलताना जुन्या शब्दाची अक्षरं नव्याच्या पुढेमागे तशीच चिकटून राहिलीत. म्हणजे मधल्या काळात कुणी प्रयोग केला, काही नवीन शोधलं असं नाही, कोर्टाने दार बंद केलं म्हणून पाटी बदलली.

निकाल २० डिसेंबर २००५ ला आला, १३९ पानी. इंटेलिजंट डिझाईन सायन्स नाही, तो क्रिएशनिझमचाच, म्हणजे सृष्टी देवाने घडवली या मताचाच, पुढचा अवतार आहे आणि सरकारी शाळेत तो असा शिकवणं राज्यघटनेविरुद्ध आहे, असं जोन्स यांनी स्वच्छ लिहिलं. बोर्डाचे काही सदस्य शपथेवर खोटं बोलले हेही लिहिलं. ज्यांनी केस घातली त्या पालकांना वकिलांच्या फीसाठी १० लाख डॉलर द्यायची वेळ शाळेवर आली, म्हणजे गावाच्या पैशातून. त्याआधीच नोव्हेंबरमध्ये निवडणूक झाली होती आणि उभ्या असलेल्या आठही जुन्या सदस्यांना गावाने घरी बसवलं होतं.

पण एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ही लढाई देव मानणारे आणि न मानणारे अशी नव्हतीच. मिलर चर्चला जाणारे, पालकांमध्येही श्रद्धा असलेले लोक होते, आणि जज्जनी निकालातच म्हटलंय की उत्क्रांती मानणं म्हणजे देव नाकारणं नव्हे. श्रद्धेची जागा घरात आहे, देवळात आहे, तत्त्वज्ञानाच्या वर्गातही आहे. सायन्सच्या तासाला मात्र आत येण्याची अट एकच, तपासून घ्यायची तयारी हवी.

आता आपल्याकडे बघा. जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह, जे मुंबईचे पोलीस आयुक्तही होते, औरंगाबादला म्हणाले की डार्विनचा सिद्धांत वैज्ञानिकदृष्ट्या चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलं नाही, शाळा-कॉलेजच्या अभ्यासक्रमात बदल हवा. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढून याला विरोध केला ते बरं झालं. मग कोरोनानंतर अभ्यासाचा बोजा कमी करायचा म्हणून एनसीईआरटीने, म्हणजे केंद्राची पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या संस्थेने, दहावीच्या विज्ञानातल्या 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' या धड्यातून उत्क्रांतीच काढली, नुसती आनुवंशिकता ठेवली. २०२३ मध्ये १८०० हून जास्त वैज्ञानिक आणि शिक्षकांनी सह्या करून ती परत घाला म्हणून पत्र लिहिलं. बारावीच्या बायोलॉजीत धडा आहे, हे खरं, पण दहावीनंतर कॉमर्सला, आर्ट्सला किंवा आयटीआयला जाणाऱ्या पोरांचं काय? त्यांच्या कानावर हा विषय वर्गात कधी पडणारच नाही, व्हॉट्सॲपवर मात्र नक्की पडेल, आणि मला याचा खरंच राग येतो.

आपल्या राज्य बोर्डाच्या दहावीच्या विज्ञान भाग दोनमध्ये पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती' आहे. त्यात जीवाश्म आहेत, भ्रूणांची चित्रं आहेत, आणि आंत्रपुच्छ (अपेंडिक्स), अक्कलदाढ, माकडहाड ही आपल्याच अंगातली अवशेषांगं, म्हणजे पूर्वजांकडून उरलेले पण आता फारसे कामाचे नसलेले अवयवही आहेत. या धड्याला वर्गात हमखास एक प्रश्न येतो, "सर, माकडापासून माणूस झाला तर आज माकडं कशी काय आहेत?" फार चांगला प्रश्न आहे, त्यावर मुलाला गप्प बसवू नका. त्याला सांगा की आजची माकडं आपले आजोबा नाहीत, ती आपली लांबची चुलत भावंडं, दोघांचा पूर्वज एक, फांद्या वेगळ्या झाल्या आणि दोन्हीकडे बदल होत राहिले. मग तो विचारेल कशावरून. तेव्हा त्याला दोन नंबरच्या गुणसूत्राची गोष्ट सांगा.