एकच फाइल, सगळी यंत्रं

तुमच्या अँड्रॉइड फोनमध्ये ‘आई’ या नावाने एक नंबर साठवलेला असेल. ती नोंद ज्या डेटाबेसमध्ये उतरते, तो आहे एसक्यूलाइट. अमेरिकेतल्या डी. रिचर्ड हिप यांनी २००० साली त्याची पहिली आवृत्ती आणली. कोड सार्वजनिक मालकीचा, कुणीही घ्यावा आणि वापरावा. म्हणूनच तो ब्राउझरपासून एअरबसच्या ए३५० विमानापर्यंत पोहोचला.

अट एकच: एका यंत्रावर लिहिलेली फाइल दुसऱ्या यंत्रावर जशीच्या तशी उघडली पाहिजे.

एकचा आकडा घ्या. तो चार बाइटांत, म्हणजे साठवणुकीच्या चार खणांत, लिहिताना इंटेलचा प्रोसेसर १ सर्वांत आधी ठेवतो, मग तीन शून्यं. जुन्या मॅक संगणकांतल्या पॉवरपीसी प्रोसेसरमध्ये नेमकं उलटं, शून्यं आधी आणि १ शेवटी. एकाने लिहिलेलं दुसऱ्याने तसंच वाचलं, तर त्या एकाचे होतात १,६७,७७,२१६!

एसक्यूलाइटने आपल्या फाइलमधल्या आकड्यांसाठी पॉवरपीसीचा क्रम कायम केला. त्यामुळे इंटेलवर आकडे उलटून घ्यावे लागतात. समजा, कोडमध्ये एका जागी लिहिताना आणि वाचताना, दोन्हीकडे हे उलटणं राहून गेलं. तरीही इंटेलवर लिहिलेलं इंटेलवर बिनचूक वाचलं जाईल. चूक उघडी पडेल ती फाइल दुसरीकडे नेल्यावर. म्हणून चाचण्या दोन्ही तऱ्हेच्या प्रोसेसरवर चालवतात. ३२ बिट, ६४ बिट, लिनक्स, विंडोज, मॅक, सगळीकडे. अक्षरांचंही तसंच. ती साठवायच्या यूटीएफ-८ आणि यूटीएफ-१६ अशा दोन पद्धती: ‘आई’ यूटीएफ-८ मध्ये सहा बाइट घेते, यूटीएफ-१६ मध्ये चार. दोन्ही तपासावं लागतं.

३.४२ आवृत्तीच्या वेळी एसक्यूलाइटचा स्वतःचा कोड होता सुमारे १ लाख ५६ हजार ओळींचा. चाचण्यांचा कोड त्याच्या ५९० पट.

यातली मला सर्वांत मोलाची वाटते ती वीज जाण्याची चाचणी. लिहिणं अर्ध्यावर असताना प्रोग्राम मुद्दाम पाडतात. डिस्कवर पक्कं न झालेलं लिखाण मागेपुढे करतात, बिघडवतातही. मग दुसरा प्रोग्राम तीच फाइल उघडून बघतो. व्यवहार, म्हणजे एकत्रच व्हायला हवेत असे बदल, पूर्ण नोंदला गेलेला चालेल, अजिबात नोंदला नसेल तरी चालेल. अर्धा नोंदलेला सापडला, तर चाचणी नापास.